करार, कौल आणि दुसरी पसंती

सैनिकी मैत्रीचे तहनामे आणि राष्ट्राध्यक्षाची निवडणूक हे दोन विषय एकाच संग्रहात का घेतले, असा प्रश्न ज्या वाचकाच्या मनात उद्भवेल त्याला प्रारंभीच सांगितलेले बरे की, ही सांगड संपादकाने घातलेली नाही. मनीमाजरा, पंचकुला आणि चंडीमंदिर छावणीच्या आसपास जी थोडी मराठी कुटुंबे वस्तीला आहेत, कोणी पलटणीतून निवृत्त होऊन इथेच घर बांधून राहिलेले, कोणी बँकेच्या बदलीवर आलेले आणि परतायचे राहून गेलेले, कोणी किशनगढलगतच्या तंत्रज्ञान-वसाहतीत नोकरीस असलेले, त्यांच्या हिवाळी वादसभांत ही भाषणे झाली. ठराव निरनिराळे होते. भारताने कोणत्याही सैनिकी गटाशी स्वतःस बांधून घेऊ नये, हा एक. आणि राष्ट्राध्यक्षाची निवडणूक हा देशाच्या परराष्ट्रनीतीवरील कौल मानावा, हा दुसरा. परंतु पहिल्या ठरावावर उभा राहिलेला वक्ता करारावर सही कोणाची या प्रश्नाशी येऊन थबके आणि निवडणुकीकडे वळे, आणि दुसऱ्या ठरावावरचा वक्ता निवडून आलेल्या व्यक्तीला नेमका कोणता अधिकार प्राप्त होतो हे सांगता सांगता युद्ध व तह यांच्या कलमांत शिरे. तेव्हा दोन्ही ठरावांवरील भाषणांच्या वह्या एकत्र छापण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

माझ्या मते त्यात विषयांतर काहीच नव्हते. करार करणारे राष्ट्र आपल्या सैनिकांच्या रक्ताची मुखत्यारी काही अटींवर परक्याच्या हाती देते, आणि मत देणारा नागरिक आपल्या नावाने बोलण्याची मुखत्यारी काही मुदतीपुरती एका व्यक्तीच्या स्वाधीन करतो. वाद मात्र एकीकडे मित्रराष्ट्राच्या सज्जनपणावर आणि दुसरीकडे उमेदवाराच्या चारित्र्यावर रंगतो. मुखत्यारनाम्यातील अटी वाचण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. या संग्रहात ज्यांनी ते घेतले त्यांची भाषणे मला सरस वाटली, मग ती कोणत्याही बाजूची असोत.

अशा वादाला मनीमाजरा हे स्थळ अनुरूप आहे असे म्हटल्यास चंदीगढच्या आखीव सेक्टरांतील मंडळींना कदाचित हसू येईल, कारण आज या गावाला सरकारदफ्तरी सेक्टर १३ म्हणतात आणि बाहेरच्या माणसाला ते मोटारींचे सुटे भाग मिळण्याचा बाजार म्हणून ठाऊक असते. तथापि येथून घोड्यावर दिवसभराच्या मजलेवर सरहिंद आहे, आणि मार्च १७५८ मध्ये त्या सरहिंदच्या तटाखाली रघुनाथरावांची मराठी फौज, अदिना बेगाचे लष्कर आणि शिखांचे जथे असे तीन दोस्त एकत्र आले होते. अदिना बेगाने मराठ्यांना पाचारण करताना कूच असेल त्या दिवसाला एक लाख आणि मुक्काम असेल त्या दिवसाला पन्नास हजार रुपये देण्याचे कबूल केले होते; म्हणजे दोस्तीचा हिशेब दिवसांवर होता. शहर पडताच लुटीच्या वाटणीवरून शीख आणि मराठे यांच्यात तंटा माजला. एप्रिलमध्ये लाहोर हाती आले, सालिना पंचाहत्तर लाखांच्या बोलीवर पंजाबचा सुभा अदिना बेगाकडे सोपवण्यात आला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तो मरण पावला. करार एका कर्तबगार माणसाशी झालेला होता. त्या माणसामागे तो पाळणारी कोणतीही दौलत उभी नव्हती, आणि पुढील दोन वर्षांत अब्दाली पुन्हा या मार्गाने खाली उतरला तेव्हा पंजाबात मराठ्यांचा म्हणावा असा दोस्त कोणी उरलेला नव्हता.

याच्याही आधीचे उदाहरण अधिक बोलके आहे, आणि पहिल्या ठरावावरील तिसऱ्या भाषणात ते विस्ताराने आले आहे. १७५२ च्या एप्रिलमध्ये वजीर सफदरजंगाने मराठ्यांशी तह केला, त्यात पातशाहीचे अंतर्गत आणि बाह्य शत्रूंपासून रक्षण करण्याच्या मोबदल्यात पन्नास लाख रुपये, पंजाब व सिंधची चौथाई आणि अजमेर-आग्र्याच्या सुभेदाऱ्या देण्याचे ठरले. परंतु वजीर हा तह घेऊन दिल्लीस पोहोचण्यापूर्वीच पातशहाने अब्दालीच्या वकिलाला लाहोर आणि मुलतान देऊन टाकले होते. ज्या मुलखाच्या रक्षणासाठी करार, तो मुलूख करारावरील शाई वाळण्यापूर्वीच गेलेला! वजिराने सही केली, पातशहाने वेगळीच सही केली, आणि दोघांनाही सहीचा अधिकार होता. राज्याच्या वतीने परक्या सत्तेशी बोलण्याचा अधिकार एकाच ठिकाणी असावा आणि तो कोठे आहे हे सर्वांना आधी ठाऊक असावे, ही गोष्ट आधुनिक राज्यघटनांनी जी इतक्या काटेकोरपणे लिहिली तिच्यामागे जगभरच्या अशा अनुभवांची शिदोरी आहे.

मराठी वाचकाला सैनिकी कराराचे नाव काढताच वसईचा तह आठवतो, आणि तो आठवणे योग्यच आहे. मात्र आपण तो बहुधा दुसऱ्या बाजीरावांच्या भित्रेपणाची गोष्ट म्हणून आठवतो आणि तेथेच थांबतो. ३१ डिसेंबर १८०२ चा तो दस्तऐवज सावकाश वाचला तर त्याची खरी ताकद दोन कलमांत आहे असे दिसते. इंग्रजांची सहा हजारांहून कमी नसलेली पायदळ फौज पेशव्यांच्या मुलखात कायम राहील आणि तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला जाईल, हे एक. आणि इतर दरबारांशी बोलणी करताना पेशव्यांनी कंपनीच्या सल्ल्याने वागावे, हे दुसरे. पहिल्याने तलवार गेली, दुसऱ्याने जबान गेली. हडपसरजवळ यशवंतराव होळकरांकडून पराभूत झालेल्या पेशव्याला घरच्या भांडणातून सुटण्यासाठी जो दोस्त हवा होता तो मिळाला खरा, पण अशा दोस्ताला परत पाठवण्याचे कलम तहात नसते.

त्यानंतर तीनच वर्षांनी तेच यशवंतराव इंग्रजांशी लढत या बाजूला आले, पतियाळ्यास थांबले, सतलज ओलांडून अमृतसरला गेले आणि रणजितसिंगाकडे दोस्तीचा हात मागू लागले. रणजितसिंगाने हिशेब केला, आणि आपल्या मुलखात परक्यांचे युद्ध न आणण्याचा शहाणपणा पत्करून पाहुण्याला इंग्रजांशी तह करण्याचा सल्ला दिला. बियासकाठचा तो तह २४ डिसेंबर १८०५ चा आहे. होळकरांच्या बाजूने बोलणारे वक्ते येथे रणजितसिंगावर फार संतापले; मला तो संताप गैरवाजवी वाटतो, कारण ज्या मराठी दरबारांनी १८०३ मध्ये एकमेकांना साहाय्य करण्याची गोष्ट लांबणीवर टाकली त्यांच्या वारसांनी लाहोरकडून ती अपेक्षावी हे थोडेसे चमत्कारिकच आहे.

मनीमाजऱ्याच्या छोट्या गादीचे चरित्रही याच ओघात येते. सरहिंदचा अंमल १७६४ मध्ये संपल्यावर गरीबदासाने येथील गावे ताब्यात घेऊन एक लहानशी ठाकुराई उभी केली. एका बाजूला लाहोर, एका बाजूला पतियाळा, डोंगरात गोरखे, आणि १८०३ पावेतो दक्षिणेकडून खंडणीला येणाऱ्या शिंद्यांच्या फौजा, अशा चौकोनात ती जगली. १८०८ साली सतलजच्या अलीकडच्या सरदारांचे वकील संरक्षण मागण्यासाठी दिल्लीच्या रेसिडेंटकडे गेले आणि मे १८०९ च्या जाहीरनाम्याने ते त्यांना मिळाले. खंडणी माफ होती, स्वतःच्या मुलखातील अधिकार अबाधित होते. फक्त शत्रू चालून आल्यास आपली फौज घेऊन कंपनीला मिळायचे आणि कंपनीचे लष्कर मुलखातून जाताना रसद पुरवायची. इतकी सौम्य कलमे वाचून कोणालाही वाटावे की हीच आदर्श दोस्ती. येथील गोपालसिंगाला गोरखा युद्धातील मदतीबद्दल राजा हा किताबही मिळाला. डोंगरपायथ्याचे मनसादेवीचे मंदिर त्याच सुमारास त्याने बांधवलेले आहे. पुढे वारसाच्या अभावी ही ठाकुराई खालसा झाली. तिच्यावर कोणी हल्ला केला नाही, तिचा कोणी पराभव केला नाही. संरक्षण देणारा आणि वारसा मान्य-अमान्य करणारा एकच असला की युद्धाचे प्रयोजनच राहत नाही.

विसाव्या शतकातील गटांविषयी संग्रहात भरपूर मजकूर आहे, म्हणून मी त्याचा फार विस्तार करीत नाही. ४ एप्रिल १९४९ चा उत्तर अटलांटिक करार, १९५४ चा मनिलाचा करार, १९५५ चा बगदादचा, आणि त्यांतील दोहोंत पाकिस्तानचा प्रवेश, ही मालिका वक्त्यांनी व्यवस्थित मांडली आहे. केवळ एका कलमाकडे लक्ष वेधतो. नाटोचे पाचवे कलम म्हणजे एकावरील हल्ला तो सर्वांवरील हल्ला, असे सर्वत्र सांगितले जाते. परंतु प्रत्येक सदस्याने त्यानंतर काय करायचे ते त्याला स्वतःला आवश्यक वाटेल तसे, असेही त्याच कलमात आहे. म्हणजे कराराचे अर्धे वजन वॉशिंग्टन, पॅरिस किंवा लंडन येथे त्या वेळी खुर्चीवर कोण बसले आहे यावर अवलंबून राहते. फ्रान्सच्या पाचव्या प्रजासत्ताकात राष्ट्राध्यक्षाची पहिली थेट निवडणूक डिसेंबर १९६५ मध्ये झाली आणि द गॉल यांनी मार्च १९६६ मध्ये नाटोच्या एकत्रित सेनानेतृत्वातून फ्रान्सला बाहेर काढले. २००९ साली दुसऱ्या राष्ट्राध्यक्षाने ते परत आत नेले. अमेरिकेच्या २०१६ आणि २०२४ च्या निवडणुकांत ट्रम्प यांनी दोस्तांनी आपला खर्च उचलावा यावर जो रोख धरला, त्याची चर्चा आपल्याकडे विक्षिप्तपणा म्हणून झाली. वसईचे सव्वीस लाख ज्याला आठवतात त्याला ती नवी वाटायला नको होती.

आता मी ज्या प्रकरणासाठी ही प्रस्तावना लिहावयास घेतली त्याकडे वळतो. आपल्या देशात राष्ट्रपतीची निवडणूक आणि परराष्ट्रांशी असलेली दोस्ती यांचा संबंध नसतो असे मानण्याचा प्रघात आहे, कारण राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतो, सेनादलांचे सर्वोच्च आधिपत्य त्रेपन्नाव्या अनुच्छेदाने त्याच्याकडे असले तरी ते कायद्याच्या चौकटीत आहे, आणि परराष्ट्रांशी करार शासन करते. १९६९ च्या ऑगस्टमध्ये मात्र हा प्रघात क्षणभर बाजूला पडला. राष्ट्रपती झाकिर हुसेन ३ मे रोजी दिवंगत झाले. मार्चमध्ये रशिया आणि चीन यांच्या सैन्यांत उसुरी नदीवर चकमकी झालेल्या, जूनमध्ये ब्रेझनेव्ह यांनी आशियाच्या सामूहिक सुरक्षेची कल्पना मांडलेली, ३१ जुलैला निक्सन दिल्लीत येऊन गेलेले. आणि मध्येच १९ जुलैला चौदा बँका राष्ट्राच्या मालकीच्या झालेल्या, ज्या अध्यादेशावर काळजीवाहू राष्ट्रपती गिरी यांनी सही करून दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला आणि स्वतः उमेदवारी पत्करली. गिरी यांच्या पाठीशी कम्युनिस्ट उभे राहताच विरोधकांना त्या निवडणुकीत मॉस्कोची सावली दिसू लागली, आणि काँग्रेसचे उमेदवार संजीव रेड्डींच्या मागे स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांची दुसऱ्या पसंतीची मते वळवण्याची बोलणी काँग्रेसाध्यक्ष निजलिंगप्पांनी सुरू करताच दुसऱ्या बाजूला वॉशिंग्टनची. सावल्यांची लांबी दोन्हीकडे सोयीप्रमाणे ठरत होती.

या नाटकात मराठी माणसांचे स्थान लहान नव्हते. बंगळूरच्या बैठकीत काँग्रेसच्या संसदीय मंडळाने १२ जुलैला रेड्डींचे नाव ज्या चार मतांनी ठरवले त्यांतली दोन स. का. पाटील आणि यशवंतराव चव्हाण यांची होती. पुढे पक्ष दुभंगला तेव्हा पाटील एका तटावर राहिले आणि चव्हाण दुसऱ्या. आणि ज्यांच्या दुसऱ्या पसंतीच्या मतांसाठी एवढी यातायात चालली होती ते तिसरे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावी १८९६ मध्ये जन्मलेला, जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचा मानकरी, रिझर्व्ह बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर, १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सला हिंदुस्थानच्या वतीने बसलेला, कालिदासाचे मेघदूत मराठीत आणणारा हा पुरुष उजव्या पक्षांचा उमेदवार म्हणून उभा होता; आणि गंमत अशी की आयुर्विमा राष्ट्राच्या मालकीचा करणारे अर्थमंत्री तेच होते. जुलै १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले होते. संग्रहातील अकरा भाषणांपैकी एकाही भाषणात त्यांच्या पात्रतेची चर्चा नाही, जशी ती १९६९ च्या वृत्तपत्रांतही फारशी झाली नव्हती. सर्व चर्चा त्यांची मते कोणाकडे सरकतील याची. मला हे खटकते, आणि वादसभेच्या नियमांत ते बसते म्हणून ते खटकायचे थांबत नाही.

मतदान १६ ऑगस्टला झाले. पंधरा उमेदवारांत पहिल्या पसंतीची मते गिरी यांना ४,०१,५१५, रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मिळाली. निवडून येण्यासाठी ४,१८,१६९ आवश्यक होती. एकेक उमेदवार गळत जाऊन पसंतीची मते पुढे सरकल्यावर गिरी ४,२०,०७७ वर आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. हे आकडे पुन्हा सावकाश वाचावेत. रेड्डींना सरकत्या मतांतून नव्वद हजारांहून अधिक मिळाली आणि तरी ते हरले; गिरींना साडेअठरा हजारांच्या आसपास मिळाली आणि ते जिंकले. दुसरी पसंती ही मतपत्रिकेवर लिहिलेली दोस्तीच असते, आणि तिच्या मदतीला येण्याच्या अटी, वेळ आणि प्रमाण मतदान होईपर्यंत कोणालाच निश्चित ठाऊक नसते, हे ज्याला उमगले त्याला नाटोचे पाचवे कलमही अधिक नीट समजते.

दोन वर्षांनंतर ९ ऑगस्ट १९७१ ला दिल्लीत सरदार स्वर्णसिंग आणि ग्रोमिको यांनी भारत-सोव्हिएत करारावर सह्या केल्या, आणि त्यातील नवव्या कलमाने, एका पक्षावर हल्ला झाल्यास वा होण्याचा धोका असल्यास दोघांनी तात्काळ विचारविनिमय करावा असे ठरवले. चौथ्या कलमात भारताच्या अलिप्ततेचा आदरपूर्वक उल्लेख आहे. कराराने गटात नेले की नाही यावर आमच्या सभेत दोन तास वाद झाला, आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेल्या एका सुभेदार मेजरांनी शेवटी उभे राहून विचारले की, नवव्या कलमात विचारविनिमय आहे, दारूगोळा कोठे आहे; आणि पलटणीत असताना आपण कराराचे नाव ऐकण्याआधी रसदीच्या गाड्या कोणत्या बाजूने येतात ते पाहायला शिकलो, असे सांगून ते खाली बसले. हे भाषण मोजून पाव पानाचे आहे. करार संसदेपुढे मतास ठेवून मग सही झालेली नव्हती. सभागृहाला तो त्याच दिवशी, सही झाल्यावर, सांगण्यात आला. आपल्या घटनेनुसार त्यात काहीही अवैध नाही, पण अमेरिकेत तहाला सीनेटचे दोन-तृतीयांश पाठबळ लागते आणि तेवढ्यामुळे १९१९-२० मध्ये विल्सन यांचा राष्ट्रसंघ त्यांच्याच देशाने नाकारला, ही तुलना दुसऱ्या ठरावाच्या अनुकूल बाजूने वारंवार केली आहे. मला ती पटते. मात्र दोन-तृतीयांशाची अट असती तर १९७१ च्या ऑगस्टात, सरहद्दीवर लाखो निर्वासित असताना, काय झाले असते याचे उत्तर कोणाही वक्त्याने दिलेले नाही.

परक्या वाचकाला ठाऊक नसेल अशी एक स्थानिक बाब येथे नोंदवणे अवश्य आहे. १९६६ च्या पंजाब पुनर्रचना अधिनियमाने अंबाला जिल्ह्यातील खरड तहसिलीच्या मनीमाजरा आणि मनौली या कानूनगो सर्कलांतील गावे घेऊन चंदीगढचा केंद्रशासित प्रदेश घडवला. त्या प्रदेशाला विधानसभा नाही. परिणाम असा की राष्ट्रपतीच्या निवडणुकीच्या दिवशी पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांचे आमदार येथून काही मैलांवरच्या, ल कॉर्ब्युझिएने बांधलेल्या एकाच विधानभवनात जाऊन गुलाबी मतपत्रिका टाकतात, पंजाबच्या आमदाराचे मत ११६ मूल्याचे आणि हरियाणाच्या आमदाराचे ११२ मूल्याचे, महाराष्ट्रातील भावंडांचा आमदार १७५ मूल्याचा. आणि ज्या मातीवर हे मतदान होते तिच्या रहिवाशाचा आवाज एका खासदाराच्या हिरव्या मतपत्रिकेपुरता, २०२२ मध्ये ७०० मूल्याचा, असतो. ही मूल्ये १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेली आहेत, ज्या वेळी चंदीगढची लोकसंख्या अडीच लाखांच्या थोडी वर होती. आमच्या सभेतील पुण्याकडून आलेल्या तरुण अभियंत्यांना हे प्रथम कळले तेव्हा त्यांनी तो अन्याय म्हणून ठराव आणण्याची भाषा केली, आणि येथे चाळीस वर्षे काढलेल्या एका बाईंनी त्यांना विचारले की, पाणीपट्टीचा अर्ज घेऊन कोणत्या आमदाराकडे जायचे हा प्रश्न आम्ही रोज सोडवतो, राष्ट्रपतीचा पाच वर्षांतून एकदा येतो, आधी कोणता घ्यायचा?

मतपत्रिकेच्या शाईचीही एक हकीकत येथलीच आहे. जून २०१६ मध्ये त्याच विधानभवनात हरियाणाच्या राज्यसभा निवडणुकीत डझनभराच्या आसपास मते वेगळ्या लेखणीने खूण केल्याच्या कारणाने बाद झाली आणि निकाल फिरला. २०१७ च्या राष्ट्रपती निवडणुकीपासून निर्वाचन आयोग मतदारांना स्वतःची जांभळ्या शाईची लेखणी देऊ लागला. तहनाम्यावर मोहोर कोणती, सही कोणाच्या हातची, शाई कोठली, याची चौकशी पेशव्यांचे कारकूनही करीत असत.

भाषणांचा क्रम सभेतील आहे. मी फक्त पुनरुक्ती काटली आणि दोन ठिकाणी तिथ्या तपासून दुरुस्त केल्या. ज्याला वेळ थोडा असेल त्याने पहिल्या ठरावावरील तिसरे आणि दुसऱ्या ठरावावरील शेवटचे भाषण वाचावे. ३० जानेवारी २०२४ च्या चंदीगढ महापौर निवडणुकीवरील एक भाषण, जीत निर्वाचन अधिकाऱ्याने स्वतःच्या हाताने आठ मतपत्रिकांवर खुणा केल्या आणि २० फेब्रुवारीस सर्वोच्च न्यायालयाने निकाल बदलला, ते श्रोत्यांच्या आग्रहानंतरही वगळले आहे, कारण दोन्ही ठरावांच्या कक्षेत ते बसत नव्हते. वक्त्याने ते वाढवून ठेवले आहे आणि येत्या हिवाळ्यात त्यावर स्वतंत्र ठराव यायचा आहे.

मनीमाजरा, चंदीगढ